नानांची पद्मिनी १२ वर्षांनी शेडमधून काढतोय, सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठी | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१२

मंडळी नमस्कार. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आता गरज पडली म्हणून धागा काढतोय. स्वार्थी म्हणा हवं तर.

साताऱ्याच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये आमची प्रीमिअर पद्मिनी उभी आहे. १९८४ ची, फिकट निळी, जुन्या तीन अक्षरी नंबरची. नानांनी नवी घेतली आणि शेवटपर्यंत त्यांनीच चालवली. २०१३ च्या पावसाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा गाडी शेडमध्ये लागली ती लागलीच. नाना जाऊन चार वर्षं झाली. मी नोकरीतून दोन महिन्यांपूर्वी मोकळा झालो. भंगारवाला २५ हजार देतो म्हणतोय आणि आईला त्या शेडमध्ये कुंड्या ठेवायच्या आहेत. मी तिच्याकडून उन्हाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली आहे.

गाडीची हालत: चारही टायर जमिनीला टेकलेले. मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार. बॅटरी कुणी नेली ते घरात कुणालाच आठवत नाही. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा नाही, सुताराच्या दुकानासारखा वास आला. डॅशबोर्डच्या कप्प्यात दोन जुने प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा, २०११ ची पेट्रोलची पावती आणि कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा. चिमट्याचं प्रयोजन कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

माझा अनुभव म्हणाल तर स्कूटरचा प्लग साफ करणे, इथपर्यंतच. उद्या बॅटरी आणून एकदा स्टार्टर मारून बघावा म्हणतो.

चौथा_गिअर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३१

स्टार्टर मारू नका! हात जोडतो.

बारा वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल केव्हाच खाली उतरलेलं असतं. पिस्टनच्या रिंगा गंजाने चिकटल्या असतील तर स्टार्टरच्या एका हिसक्यात रिंग तुटेल, नाहीतर बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) ओरखडा येईल. चारही प्लग काढा. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं करून प्रत्येक भोकात तीन-चार चमचे ओता आणि आठवडाभर तिकडे फिरकू नका. मग गाडी न्यूट्रलला ठेवून, क्रँकच्या पुलीच्या नटला पाना लावून हाताने फिरवा. फिरलं नाही तर जोर लावायचा नाही, पुन्हा तेल घालायचं. जुनं ऑइल काढून नवं भरेपर्यंत बॅटरी विकतही आणू नका, घरात असली की हात शिवशिवतो.

चिमट्याबद्दल: हा व्हेपर लॉकचा तोडगा असावा. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिनजवळच्या पेट्रोलच्या पंपापाशी पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. काही लोक पेट्रोलच्या नळीला लाकडी चिमटे लावायचे. त्याने कितपत फरक पडायचा ते देव जाणे.

घोडनवरा | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

२५ हजार घ्या आणि आईंना कुंड्या घेऊन द्या. चिमटा उंदरांच्या वासासाठी, नाकाला लावायला.

उद्यमनगर | १० नोव्हेंबर, सकाळी ६:२०

इंजिनचं मागनं बघा वो. पयला ब्रेक.

कोल्हापुरात ३४ वर्षं बोअर आन् हेडची कामं केली. एकजण असाच, दहा वर्षांची उभी गाडी दोन दिवसात चालू केली. आवाज आला म्हणून आनंदात गेटातनं बाहेर काढली. पाय मारला तर पेडल तळाला. समोर उसाची ट्रॉली. माणूस वाचला, ग्रील गेली.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतंय. ते पाणी व्हील सिलिंडरात साठतंय, आत गंज धरतोय आन् पिस्टन अडकतोय. चारी ड्रम काढा. ड्रम निघत नसला तर शूचा ॲडजस्टर सैल करा, उगी हातोडी घालू नका, बिडाचा ड्रम तडकतोय. व्हील सिलिंडर उघडून बोटानं आतनं चाचपा. खड्डं लागलं तर नुसती रबरं बदलून भागायचं न्हाई, सिलिंडरच नवा घ्या. रबरं डिझेल-पेट्रोलनं धुवायची न्हाईत, फुगत्यात. ब्रेक ऑइलनंच धुवायची. रबरी होज बाहेरनं चांगल्या दिसल्या तरी फेकून द्या. आतनं सुजलेल्या असत्यात, मग पाय काढला तरी ब्रेक धरून बसतोय.

मास्टर सिलिंडर एकेरी असंल तर एक नळी फुटली की चारी चाकांचा ब्रेक एकदम गेला. ह्याच्यात काटकसर करू नका.

मनीप्लांट | १० नोव्हेंबर, सकाळी ९:४४

काकांना +१. आणि त्यात एक भर: ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ तोंडाने फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

मी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये १९७९ ची पद्मिनी तीन वर्षांत उभी केली. वॉचमन सोडून कुणाचाच पाठिंबा नव्हता. तुम्हाला शेड आहे म्हणजे निम्मी लढाई जिंकलात.

पाने मिलीमीटरचेच घ्या. गाडी मूळची इटलीची, तिथे इंच नाहीत. ॲम्बॅसिडरवाल्या शेजाऱ्याचा पाना उसना घेतलात तर नटाची डोकी गोल होतील. नट सुटत नसेल तर ऑइल मारून रात्रभर ठेवा आणि सकाळी आधी जरासा आवळा, मग सोडवा. ऐकायला उलटं वाटतं, पण गंजाची पकड आवळताना मोडते. काढलेला प्रत्येक स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. मी पहिल्या महिन्यात सगळे एका डब्यात टाकले होते. तो डबा अजून माझ्याकडे आहे आणि त्यातले अकरा स्क्रू कुठले ते मला आजही माहीत नाही.

जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, आणि विटांवर तर मुळीच नाही. वीट सांगून फुटत नाही. लाकडाचे जाड ठोकळे किंवा स्टँड.

काळीपिवळी | १० नोव्हेंबर, दुपारी १:१५

आमच्या वडिलांचं गिरगावात टॅक्सीचं गॅरेज होतं, माझं बालपण फियाटच्या खाली गेलं. आमच्याकडे पद्मिनी कुणीच म्हणत नसे. सगळ्या फियाट. जुन्या, उलट्या दाराच्या असल्या तर डुक्कर फियाट.

पार्टांचं गणित समजून घ्या. वालचंद हिराचंद, म्हणजे मूळ सोलापूरचे, त्यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट ११०० बनू लागली. त्याच ११०० डीला १९७० च्या दशकात पद्मिनी हे नाव मिळालं. नाव बदललं, खालचा १०८९ सीसीचा जीव तोच. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं तरी पार्ट मिळत राहिले, कारण मुंबईत टॅक्सी धावत होत्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. टॅक्सी गेली तसं दुकानदारांनी नवा माल भरणं सोडलं. आता जे आहे ते जुन्या साठ्यातलं. कुर्ल्याला आणि पुण्याच्या नाना पेठेत फिरा, पण फोनवर विचारू नका, "नाही" म्हणतील. जुना पार्ट हातात घेऊन काउंटरवर उभे राहा. वरच्या माळ्यावर काय पडलंय ते त्यांनाही बघितल्याशिवाय आठवत नाही.

चिमटा पार्किंगची पावती अडकवायला.

वाचनमात्र | १० नोव्हेंबर, दुपारी ३:००

वाचतोय.

ना_हरकत | १० नोव्हेंबर, रात्री ८:५०

सगळे पान्यांत रमलेत, कागदांचं कोण बघणार? खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षं, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे तुमची १९९९, २००४, २००९ झाली असेल आणि २०१४ पासून लटकलेली असेल. आरसीचं जुनं पुस्तक आहे ना? त्याची नोंद आधी संगणकावर चढवून घ्यावी लागेल. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५ हजार होती, ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला १० हजार आहे. उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा. विमा, पीयूसी आणि नवी एचएसआरपी (जादा सुरक्षेची नंबरची) पाटीही लागेल. तपासणीला गाडी दाखवावी लागते, त्यामुळे ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर आधी.

चौथा_गिअर | १० नोव्हेंबर, रात्री ९:०२

व्हिंटेजमध्ये नोंदवली तर? "व्हीए" वाला नंबर मिळतो.

ना_हरकत | १० नोव्हेंबर, रात्री ९:१०

त्याला गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, ही ४१ वर्षांची. आणि त्या नंबरावर रोज फिरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. आईंना देवळात न्यायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

कृष्णाकाठी | ३० नोव्हेंबर, रात्री ९:३०

एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांचा हिशेब देतो.

इंजिन: नवव्या दिवशी पुली फिरली. आधी जेमतेम एक इंच, मग "कर्र" करून पूर्ण फेरा. मी एकटाच शेडमध्ये टाळ्या वाजवल्या.

ब्रेक: काका, तुम्ही म्हणालात तेच. चारपैकी तीन व्हील सिलिंडर गेलेले. नाना पेठेत जुना पार्ट हातात घेऊन उभा राहिलो. पहिली दोन दुकानं नाही म्हणाली, तिसऱ्याने शिडी लावली. मास्टर सिलिंडरचं किट, होज आणि दोन स्टीलच्या नळ्याही बदलल्या. हवा काढायला पुतणीला पेडलवर बसवलं. "दाब... धर... सोड" असं दीड तास चाललं. मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबचं चाक आधी, मग त्याच्या जवळचं, असं करत आलो. तरी पेडल मऊच. शेवटी कळलं की प्रत्येक वेळी मी निपल बंद करण्याआधी ती पाय सोडत होती. तिचं म्हणणं, मी "सोड" आधी म्हणत होतो. यावर घरात अजून एकमत नाही.

आता वाईट बातमी. ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली. खाली गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा रिव्हेट मारून बसवलेला, वरचं शेंगदाण्याचं चित्र अजून दिसतंय. हे नानांचंच काम. तो उचकटला तर खाली जमीन. शिवाय दाराखालची सिल पट्टी स्क्रू ड्रायव्हरने टोचली तर तो सरळ आत गेला.

मनीप्लांट | ३० नोव्हेंबर, रात्री १०:०४

शेंगदाण्याचं चित्र जपून ठेवा, फ्रेम करा.

पण सिलचं हसण्यावारी नेऊ नका. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची पेटी हीच चासी. फरशी आणि सिल हे तिचे खांब आहेत. दोन्ही एकदम कापलंत तर गाडी मधोमध बसेल आणि मग दारं लागणार नाहीत. गाडी सपाट आणि चार ठिकाणी टेकवून ठेवा, कापण्याआधी दाराच्या फटी मोजून लिहा, एका वेळी एकच बाजू, आणि प्रत्येक वेल्डिंगनंतर दार लावून बघा. १८ गेजचा पत्रा घ्या. जुन्या गंजावर तुकडा डकवायचा नाही, चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापत जायचं.

फ्रिजचं चुंबक फडक्यात गुंडाळून सगळ्या गाडीवरून फिरवा. चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) आहे.

आणि दारांच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. काचेच्या फटीतून पाणी आत जाणारच, गाडी तशीच बनवलेली आहे. भोकं बुजली की दार आतून कुजतं.

बर्मिंगहॅमकर | १ डिसेंबर, पहाटे ४:१५

इकडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गंज हा आमचा राष्ट्रीय छंद आहे. वेल्डिंग आणि रंग झाल्यावर सिलच्या पोकळीत मेण फवारायला विसरू नका. बाहेरून केलेला रंग आतल्या बाजूला पोचत नाही.

रबरी बीडिंग, काचेची रबरं शोधताना "पद्मिनी" म्हणून शोधू नका, "फियाट ११०० डी" म्हणून शोधा. इटलीत या गाडीवर जीव टाकणारे लोक आहेत आणि तिकडे रबर अजून नवं बनतं. मी मामांच्या गाडीसाठी पुढच्या काचेचं मागवलं होतं, चपखल बसलं.

घोडनवरा | १ डिसेंबर, सकाळी १०:२२

हिशेब मांडा की. भंगाराचे २५ हजार कधी ओलांडले?

कृष्णाकाठी | १ डिसेंबर, सकाळी १०:४०

ब्रेकलाच निम्मे गेले. पुढचं मी लिहायचं बंद केलंय.

कृष्णाकाठी | २८ डिसेंबर, रात्री ११:००

फरशी आणि उजवी सिल झाली. वेल्डिंग मी केलं नाही. गल्लीतला ग्रीलवाला रविवारी येऊन करून गेला, दाराच्या फटी मी मोजत बसलो होतो. दोन मिलीमीटरचा फरक पडला. दार लागतं.

आता वाद सोडवा. तो म्हणतो रेड ऑक्साइड मार. दुकानदार म्हणतो एपॉक्सी. आणि सगळे विचारतायत, पूर्ण गाडी रंगवणार ना?

उद्यमनगर | २९ डिसेंबर, सकाळी ६:१०

रेड ऑक्साइड आम्ही जन्मभर मारला.

चौथा_गिअर | २९ डिसेंबर, सकाळी ८:३०

म्हणूनच जन्मभर पुन्हा पुन्हा मारावा लागला, काका. साधा रेड ऑक्साइड ओल धरतो. वर रंग चढला नाही, गाडी तशीच उभी राहिली, तर खालून गंज येतो. एपॉक्सी पाणी आत सोडत नाही. पत्रा उघडा केला त्याच दिवशी एपॉक्सी मारा.

उद्यमनगर | २९ डिसेंबर, सकाळी ८:४१

बरोबर हाय तुमचं. पर मारताना तोंडाला नुसता रुमाल चालायचा न्हाई, चांगला मास्क घाला. आमच्या येळंला कोण सांगणारं नव्हतं.

मनीप्लांट | २९ डिसेंबर, दुपारी १२:१५

पूर्ण रंगाबद्दल माझं मत सरळ आहे: आत्ता नको. मी केलं. गाडी नवी दिसायला लागली आणि मग मला ती पावसात काढवेना, गर्दीत लावावेना. वर्षभर झाकून ठेवली. उभ्या गाडीचं काय होतं हे तुम्ही दीड महिना बघताय. जिथे पत्रा बदलला तेवढंच रंगवा, बाकी पॉलिश करून जुनं राहू द्या. वर्षभर चालवा. रंग कुठे पळून जात नाही.

काळीपिवळी | २९ डिसेंबर, दुपारी १:५०

मी उलट म्हणेन. आता इंजिन खोलणार असाल, काचा काढणार असाल, तर रंगाची हीच वेळ. पुन्हा कोण काढणार सगळं? अर्धवट रंगवलेली गाडी बघणाऱ्याला ठिगळ लावल्यासारखी दिसते.

मनीप्लांट | २९ डिसेंबर, दुपारी २:०५

दिसू दे की. ठिगळच आहे ते.

कृष्णाकाठी | ११ जानेवारी, रात्री ९:१५

रंगाचा निर्णय आईने दिला. "रंगवलीस तर मला ओळखू येणार नाही," म्हणाली. विषय संपला.

टाकी काढून धुतली. आत मूठभर नट-बोल्ट आणि सायट्रिक ॲसिडचं पाणी घालून खुळखुळा केला, दोन दिवस. मग खायच्या सोड्याचं पाणी, मग केस वाळवायच्या मशीनने कोरडी. आतून निघालेला चहा एका बाटलीत ठेवलाय. टाकीला एक बारीक भोक आहे, ग्रीलवाल्याकडून वेल्ड करून घेऊ का?

चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजलं: १२५, १२०, ७०, १२०. तिसऱ्यात काय झालं असेल?

चौथा_गिअर | ११ जानेवारी, रात्री ९:२१

टाकीला वेल्डिंग अजिबात नको! कितीही धुतली तरी पत्र्यात पेट्रोलची वाफ राहते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. रेडिएटरला डाग देणारा जो मुरलेला कारागीर असेल त्याला द्या, तो आत पाणी भरून, आच न लावता, तापल्या खड्याने (डाग द्यायच्या लोखंडाने) डाग देईल.

तिसऱ्यात दोन चमचे ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा, जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड पॅकिंग.

कृष्णाकाठी | १२ जानेवारी, सायंकाळी ७:००

७० चे ७२ झाले.

उद्यमनगर | १२ जानेवारी, सायंकाळी ७:०८

व्हॉल्व्ह. हेड, म्हंजे इंजिनचं वरचं झाकण, उतरवा, घाबरू नका. नट एकदम एका बाजूनं सोडायचं न्हाईत, बाहेरनं आत यायचं, थोडं थोडं. बसवताना उलटं, मधनं बाहेर. हेड ॲल्युमिनियमचं हाय, चुकीचं आवळलं की वाकलं.

उतरवलं की लोखंडी पट्टी आडवी लावून मागं टॉर्च धरा. उजेड दिसला तर फेस मारायला (मशीनवर घासून सपाट करायला) लागंल. तेवढं कामापुरतंच घ्या, जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढून गाडी ठोकाय लागती.

व्हॉल्व्ह घासायची पेस्ट मिळती, जाडी आन् बारीक. काठीच्या टोकाला रबरी कप, दोन हातांच्या मधी रवीगत फिरवायची. सगळीकडनं राखाडी, अखंड कडं दिसलं की झालं. मग व्हॉल्व्ह बसवून वरनं रॉकेल वता, न्हाई तर डिझेल. खाली थेंब आला न्हाई तर पास.

पाणी काय घालत होता? विहिरीचं?

कृष्णाकाठी | १२ जानेवारी, सायंकाळी ७:३०

विहिरीचंच. नाना म्हणायचे आपल्या विहिरीचं पाणी अमृत आहे.

उद्यमनगर | १२ जानेवारी, सायंकाळी ७:३६

माणसाला आसंल. त्यातल्या क्षारानं रेडिएटरच्या नळ्या बुजत्यात आन् ॲल्युमिनियम आतनं खातंय. रेडिएटर खोलून नळ्यांतनं पट्टी मारून घ्या. पुढं कूलंट आन् डिस्टिल्ड वॉटर, निम्मं निम्मं.

कृष्णाकाठी | २६ जानेवारी, रात्री ८:४५

तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळलेला निघाला. नवा घातला. बाकीचे पुतणीने घासले, रवी फिरवण्यात ती माझ्यापेक्षा सरस आहे (पेडलचा वाद मिटला नाही, हे नोंदवून ठेवतो). हेड कोल्हापूरला नेलं होतं, काकांनी फोनवर पत्ता सांगितला तिथे. नाममात्र फेस मारला. आता पुन्हा मोजलं: १२५, १२२, १२०, १२०.

उद्या पेट्रोल घालणार. इथेनॉलचं काय करायचं?

चौथा_गिअर | २६ जानेवारी, रात्री ९:२०

आपल्याच जिल्ह्यातला ऊस टाकीत येतोय, तक्रार कुठे करणार!

पंपावर २० टक्के इथेनॉलवालंच मिळतं, हे धरून चाला. १९८४ मधलं रबर त्यासाठी नव्हतं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगं इथेनॉल सोसणारी घ्या. दुकानात "फ्युएल इंजेक्शनची नळी" मागा, साधी काळी नको. इथेनॉल ओल ओढतं, म्हणून टाकीत महिनोन् महिने पेट्रोल ठेवायचं नाही. थोडं भरा, संपवा. शिवाय ते जुना चिकटा सोडवतं, पहिले काही दिवस फिल्टर सतत बघा. पारदर्शक फिल्टर लावा म्हणजे दिसेल.

अजून एक. इथेनॉल जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला १ भागाला १४.७ भाग हवा, या मिश्रणाला साधारण १३.५. कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या भोकावर) गाडी थोडी उपाशी चालते, धक्के देते, गरम होते. प्लग पांढरे पडले तर जेट एक नंबर मोठा करा.

आणि पॉइंट (प्लगच्या ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. लगेच.

काळीपिवळी | २६ जानेवारी, रात्री ९:४८

कशाला? पॉइंटवर या गाड्या दिवसरात्र मुंबईत पळाल्या. पॉइंट बिघडला तर रस्त्यात पॉलिश पेपर मारून घरी येता येतं. इलेक्ट्रॉनिक गेलं की टोइंग. त्या कप्प्यातला पॉलिश पेपरचा तुकडा कशासाठी होता वाटलं? गॅप ०.४ मिलीमीटरच्या आसपास ठेवा, फिलर गेज नसेल तर जाड व्हिजिटिंग कार्ड. कंडेन्सर मात्र एक जादा जवळ ठेवा, तो तापला की दगा देतो. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२, वायरी काढण्याआधी डेल्कोच्या (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) टोपीचा फोटो काढला होता ना?

कृष्णाकाठी | २६ जानेवारी, रात्री ९:५५

...नव्हता काढला. बरं झालं सांगितलंत.

कृष्णाकाठी | १ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

चालू झाली!!!

सकाळी साडेदहाला. आधी प्लग काढून ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवला. मग प्लग लावले, चोक ओढला. पहिल्यांदा नुसती खोकली. दुसऱ्यांदा धूर आणि शेजाऱ्यांचं कुत्रं पळालं. तिसऱ्यांदा धरली. सायलेन्सरमधून उंदरांनी साठवलेल्या शेंगांची टरफलं बाहेर आली, खोटं सांगत नाही. सिलिंडरमध्ये ओतलेलं तेल जळेपर्यंत शेड दिसत नव्हती.

आई बाहेर आली, पाच मिनिटं ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "टॅपेट वाजतायत." मी चाट. नाना ही गाडी तीस वर्षं गॅरेजला न्यायचे तेव्हा बाकड्यावर ही बसलेली असायची, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, खरंच सैल होते.

वाचनमात्र | १ फेब्रुवारी, दुपारी १२:४१

अभिनंदन. (वाचतच होतो.)

घोडनवरा | १ फेब्रुवारी, दुपारी १:१०

फोटो टाका. भंगारवाल्याच्या फोनचं काय झालं?

कृष्णाकाठी | २२ फेब्रुवारी, रात्री ९:००

कागद पूर्ण झाले, पाट्या लागल्या. आज आईला घेऊन वाईला जाऊन आलो. ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं. जाताना मस्त. ताशी ५०, काचा खाली, स्टेअरिंगवरचा गिअर टाकताना तिसरा सापडायला मला दोन वेळा "थांब, थांब" म्हणावं लागलं.

परत निघताना गाडी चालू होईना. स्टार्टर फिरतोय, करंट येतोय, पेट्रोल आहे. मी फोन काढून हा धागा उघडायला लागलो तर आई म्हणाली, "बॉनेट उघड आणि चहा सांग." बॉनेटखालच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवलं, दोन कप चहा झाला, एका झटक्यात सुरू. चौथा_गिअर म्हणाले होते तोच व्हेपर लॉक. यावर कायमचा उपाय सांगा. पेट्रोलची नळी तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून लांब घेऊ का?

आणि चिमट्याचं कोडं सुटलं. थंडीत सकाळी चोक ओढला की बटण आपोआप आत सरकतं, गाडी बंद पडते. आठवडाभर मी एका हाताने चोक धरून दुसऱ्या हाताने शेडबाहेर काढत होतो. आज निघताना आईने कप्प्यातून चिमटा काढला आणि चोकच्या दांडीला, डॅशबोर्डला चिकटून, लावला. बटण जागचं हललं नाही. "आधी मीच धरून बसायचे," म्हणाली, "मग एकदा चिडून दोरीवरचा आणून लावला."

नवी चोकची केबल मागवली होती, कालच आली. पुड्यातच आहे अजून.

चौथा_गिअर | २२ फेब्रुवारी, रात्री ९:१४

म्हणजे माझा पेट्रोलच्या नळीचा अंदाज गेला. नळी लांब घ्या, आणि जिथे घेता येत नाही तिथे उष्णता अडवणारी जाळी गुंडाळा.

काळीपिवळी | २२ फेब्रुवारी, रात्री ९:२०

पावतीचाही गेला.

उद्यमनगर | २३ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

केबल दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या कुणाला लागंल. नवं लायनर बसत्यात, पाचशे किलोमीटर झालं की शू ॲडजस्ट करा. हेडचं नट गार इंजिनावर एकदा परत आवळा, मधनं बाहेर. मग टॅपेट परत बघा. न्हाई तर आईंना ऐकाय लावा.